सांधा हलू द्यायचा नाही

"आ कर."

निशानं आ केला नाही. आठवीतली पोरगी, पण भिंतीला पाठ लावून आणि गुडघे पोटाशी घेऊन ती बालवाडीतल्या पोरीसारखी बसली होती. मीनाबाईनं डाव्या हातानं तिची हनुवटी धरली, उजव्या हातातली लाकडी काड्यांची चवड दातांच्या फटीत घातली आणि चवडीच्या मधोमध आणखी एक काडी दाबून सरकवली. आइस्क्रीमला असतात तसल्याच चपट्या काड्या त्या. पण पोरगी अशी किंचाळली की शेजारची बाळाबाई हातातलं काम टाकून दारात आली.

"मीने, आई हायस का कसाई गं? लेकराचा जीव घेतीस व्हय?"

"तुमची चूल बघा, मावशी."

"बघतो की. पर सकाळच्या पारी ह्यो आवाज कानात शिरला की घास उतरत न्हाई आमच्या गळ्याखाली."

मीनाबाईनं दार लोटलं. निशाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, लाळ मीनाबाईच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होती. दोन भाकऱ्या भाजून होईपर्यंत काड्या काढायच्या नाहीत, हा घरचा नियम. मीनाबाई चुलीपुढं बसली आणि मुद्दाम सावकाश भाकरी थापू लागली. अण्णासो तेवढ्यात चप्पल घालून बाहेर निघून गेला. रोज असाच जायचा. बापाची माया फार, त्यामुळं माराच्या वेळी बाप घरात नसायचा.

हुपरीतल्या निम्म्या घरांसारखंच हेही चांदीचं घर. अण्णासो पैंजणाच्या कड्या जोडायचा, मीनाबाई त्यांना घुंगरं लावायची. कडीला कडी जोडून मध्ये चांदीचा डाख वितळवायचा, म्हणजे सांधा पक्का होतो. डाख थंड होईस्तोवर हात जरा हलला की सांधा सुटतो आणि माल परत येतो. अण्णासोचा माल कधी परत आला नाही. त्याचा हात हलत नाही, असं व्यापारी सांगायचे.

निशा बालवाडीत असताना पाण्याच्या टाकीवरून हनुवटीवर पडली. पुढचा एक दात तुटला तो पुन्हा आलाच नाही, कानापुढं सूज आली. मीनाबाई म्हणाली, कोल्हापूरला नेऊ. अण्णासो म्हणाला, "हाडाला चीर गेलीय नुसती. सांधा हलू द्यायचा न्हाई, आपोआप धरतंय." त्यानं हळद लावली, आपला स्वच्छ पंचा फाडला आणि हनुवटीखालून डोक्यावर घेऊन घट्ट बांधला. पोरगी तोंड उघडायला लागली की जवळ घेऊन थोपटायचा. तुटलेल्या दाताच्या खिंडीतून बोटानं पेज भरवायचा. सूज उतरून गेली तरी पट्टी सुटली नाही. सुटली तेव्हा निशाचं तोंड नखभर उघडत होतं, आणि पुढं तेवढंही उघडेना.

हाड धरलं होतं. अण्णासोचंच काम ते, पक्कं धरलं होतं.

त्यानंतरची वर्षं निशा त्या खिंडीतून जेवली. खालचा जबडा वाढला नाही, हनुवटी आत गेली, शाळेत पोरं तिला चिमणी म्हणू लागली. अण्णासो रोज संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करायचा, त्यातला कडक पापुद्रा निवडून काढायचा आणि चिमटी चिमटीनं तिला भरवायचा. त्या वेळेला बापलेकीत तिसऱ्याला जागा नसायची. पोरगी पडली कशी, असं कुणी विचारलं की अण्णासो एवढंच म्हणायचा, "हिचं ध्यान नव्हतं तवा." मीनाबाई ऐकून घ्यायची. ध्यान नव्हतं हे खरंच होतं.

अखेर आठवीत असताना तिला कोल्हापूरला नेलं, तेव्हा डॉक्टर अनुजामॅडमनी निशाला बाहेर बसवून दोघांना जबड्याचा फोटो दाखवला. उजव्या कानापुढं सांध्याची फट दिसत होती. डावीकडं फट नव्हतीच, हाडाचा एकच गोळा होता.

"पडल्यावर तोंड हलतं ठेवायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "सांध्यात रक्त साकळतं. लहान मुलांत न हलवलं तर त्याचंच हाड होतं. बांधून ठेवलं होतं का?"

"न्हाई," अण्णासो म्हणाला. "हळद लावलीती नुसती."

मीनाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

मॅडमनी तो गोळा कापून काढला आणि मोकळ्या जागेत कानशिलाच्या स्नायूची पट्टी बसवली, पुन्हा हाडाला हाड लागू नये म्हणून. घरी सोडताना काड्या हातात देऊन म्हणाल्या, "माझं काम झालं. आता तुमचं. रोज सकाळ-संध्याकाळ काड्या घालायच्या, काडी वाढवत न्यायची. ती रडेल, शिव्या देईल, तुमचं तोंड बघणार नाही. पण थांबलात तर पुन्हा हाड धरेल, आणि दुसऱ्या वेळेला कापणं फार अवघड असतं."

मीनाबाई थांबली नाही. पण तीही माणूसच. एका संध्याकाळी निशानं तिच्या हाताला चावा घेतला, जेमतेम उघडलेल्या त्या दातांनी, आणि म्हणाली, "तू मर." तेव्हा अण्णासो पुढं झाला. "सांजचं मी करतो. माझं ऐकती ती." मीनाबाईला इतकं हलकं वाटलं की तिनं विचारही केला नाही. संध्याकाळी ती घुंगरं लावलेले पैंजण घेऊन व्यापाऱ्याकडं जायला लागली. परत येताना गल्लीच्या तोंडाशी निशाची किंकाळी ऐकू यायची, आणि काड्यांचं चाललंय म्हणून तिला बरं वाटायचं. लेकीच्या किंकाळीनं बरं वाटावं, अशी वेळ आली होती.

पुढच्या तपासणीला मॅडमनी तोंड किती उघडतं ते मोजपट्टीनं मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कमी झालंय. आई, हयगय करताय तुम्ही."

"न्हाई वो मॅडम, दोन्ही टायमाला…"

"मग कमी कसं झालं? मुलीचा जबडा आहे, तुमचा नाही, म्हणून चालतं का?"

निशानं मान खाली घातली. अण्णासो खिडकीतून रस्ता बघत होता.

दोन दिवसांनी व्यापाऱ्याचं दुकान बंद निघालं, म्हणून मीनाबाई लवकर परतली. किंकाळी चालूच होती. तिनं दार ढकललं.

निशा पाय पसरून बसली होती, तोंड रिकामं. काड्या फळीवर कोरड्या ठणठणीत. अण्णासो भाकरी कुस्करत होता आणि हसत सांगत होता, "अजून जरा वरड, बाळाबाईला ऐकू जाऊ दे." पोरगी हसत हसत ओरडत होती.

मीनाबाईनं पैंजणांची पिशवी खाली ठेवली.

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"अगं, बघवत न्हाई मला," अण्णासो म्हणाला. "पोरीला दुखतंय."

"पप्पांना काय बोलू नकोस," निशा म्हणाली. "तुझ्यामुळंच पडले मी."

मीनाबाईनं खरं काय ते इतकी वर्षं दाबून धरलं होतं. बाप तरी पोरीचा राहू दे, असं तिला वाटायचं. आता तिनं ते सोडलं, आणि रागाच्या भरात नाही, समजून उमजून सोडलं.

"पडलीस माझ्यामुळं. पर तोंड बंद कुणी केलं, त्ये इचार ह्यांना. पंचा कुणी बांधला? सांगा की. सांधा हलवायचा न्हाई म्हणालतासा न्हवं? कोल्हापूरला न्हेऊ म्हटलं तर नको म्हणालतासा न्हवं? डॉक्टरला खोटं का सांगितलंसा?"

"मीना, गप."

"चिमणी करून ठिवली पोरीची, आणि वर भाकरी भरवायची हौस. आता परत बंद करायला बसलाय."

निशा बापाकडं बघत होती. तो नाही म्हणेल, याची वाट बघत होती. अण्णासोचा हात, कधी न हलणारा, हलला आणि ताटलीतली कुस्करलेली भाकरी जमिनीवर सांडली. तो ती गोळा करायला लागला.

निशा उठली. फळीवरच्या काड्या घेतल्या, बापाच्या समोर बसली आणि स्वतःच्या हातानं दातांत घातल्या. मग आणखी एक घातली. ओरडली नाही. बापानं मान वळवली, तर सरकून पुन्हा त्याच्यासमोर येऊन बसली.

त्या दिवसापासून ती रोज तशीच बसू लागली आणि बापाशी बोलायची बंद झाली. मीनाबाईला आपण बरोबर केलं असं वाटायचं, आणि आपल्या हातून फार वाईट झालं असंही वाटायचं.

उन्हाळ्यात मॅडमनी निशाच्या तोंडात तीन बोटं उभी घालून बघितली, ती मावली. "शाब्बास आई," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी निशानं तव्यावरची भाकरी उचलली आणि कडेलाच चावा घेतला. करकर असा आवाज झाला. अण्णासोनं सवयीनं भाकरी कुस्करली होती, पापुद्रा निवडून बाजूला ठेवला होता. त्यानं ताटली तिच्याकडं सरकवली.

"मला दात हायत," निशा म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी एवढं बोलली.

अण्णासोनं ताटली परत ओढून घेतली. दुधात भिजलेला काला तो स्वतःच खाऊ लागला. ओठ जेमतेम विलग करून, चिमटी चिमटीनं, दातांच्या फटीतून बोटानं आत सारत.

मीनाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तव्यावर पुढची भाकरी टाकली.