ऑरिन टॅलमनचं मत

पक्षनेते ब्रॅडशॉ स्वतःच्या हाताने डोनटचा खोका घेऊन आले, तेव्हाच मार्लिस ट्वेटच्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षं ती सेनेटर वेंडेल स्ट्रॉब यांचं कार्यालय सांभाळत होती. एवढ्या वर्षांत या माणसाने कुणाला कागदाचा कपही दिलेला नव्हता.

"ऑरिन टॅलमन पडला, वेंडेल. खुब्याचं हाड मोडलंय," ब्रॅडशॉ म्हणाले. "त्याचं मत 'हो', तुझं 'नाही'. जोडी लाव त्याच्याशी. तीस वर्षांची दोस्ती आहे तुमची."

जोडी म्हणजे सेनेटची जुनी रीत. गैरहजर माणसाचं मत वाया जाऊ नये म्हणून उलट्या मताच्या हजर सदस्याने उभं राहून तसं सांगायचं आणि आपलंही मत द्यायचं नाही. लेखी काही नाही, सगळं शब्दावर. सभ्य माणसांनी घालून दिलेली रीत असभ्य माणसांच्या फार सोयीची असते.

सर्वोच्च न्यायालयातल्या रिकाम्या जागेवरचं मतदान दुपारी चारला होतं आणि निवडणूक एकोणीस दिवसांवर. स्ट्रॉबनी मत दिलं नाही तर बरोबरी होणार होती आणि बरोबरीत उपाध्यक्षांच्या मताने पक्षाला हव्या असलेल्या न्यायाधीशबाई आत जाणार होत्या. पण याच स्ट्रॉबनी गावोगावच्या जत्रांत सांगितलं होतं, की निवडणुकीआधी अशी नेमणूक होऊ देणार नाही, माणूस आमचा असो की त्यांचा. तसं वचन देणारी नऊ हजार पत्रं गेली होती. ती मार्लिसने लिहिली होती, खाली साहेबांच्या सहीशेजारी तिचीही सही होती. त्यातलं एक तिच्या गावच्या धान्य सोसायटीच्या फलकावर लावलेलं होतं आणि तिचे वडील रोज तिथे कॉफी प्यायला बसत.

"जुना मित्र आहे. नाही कसं म्हणू?" स्ट्रॉब म्हणाले. डोळेही पुसले त्यांनी.

मार्लिसला वाटलं, म्हातारा पडलेलाच नाही. घरी पाय पसरून बेसबॉल बघत असेल. जेवणाच्या सुट्टीत तिने टॅक्सी केली.

ऑरिन टॅलमन खरोखरच रुग्णालयाच्या खाटेवर होते, चेहरा पांढराफटक. मार्लिसला स्वतःचीच लाज वाटली. नेलेल्या लिंबाच्या वड्या तिने उशाशी ठेवल्या आणि जोडीची गोष्ट काढली.

"माझ्याशी जोडी? कुणी लावली?" ते तडकले. "अगं पोरी, माझं मत 'नाही'च आहे! शुक्रवारी ब्रॅडशॉला तोंडावर सांगितलं मी. हाड मोडलंय माझं, डोकं नाही."

दोन 'नाही'ची जोडी! एकाचं मत हाडाने खाल्लं, दुसऱ्याचं ब्रॅडशॉ खाणार होते.

"लिहून द्याल?"

"कोणावर विश्वास नाही ना तुझा? बरं आहे, टिकशील." जेवणाच्या यादीच्या पाठीमागे त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. परिचारिकेच्या टेबलाजवळच्या यंत्रावर मार्लिसने त्याच्या दोन प्रती काढल्या. तशी सवयच होती तिला.

सभागृहाबाहेर पावणेचारला स्ट्रॉब भांग पाडत होते. धापा टाकत तिने कागद पुढे केला. "साहेब, फसवतायत तुम्हाला! टॅलमनचं मतही 'नाही'च आहे!"

त्यांनी कागद वाचला, नीट घडी घातली आणि खिशात टाकला. "माहीत आहे. रविवारी फोन आला होता त्याचा."

ब्रॅडशॉवर, आजारी म्हाताऱ्यावर, डोनटवरसुद्धा तिने संशय घेतला होता. एकाच माणसावर घ्यायचा राहिला होता.

"मग मघाशी डोळे कशाला पुसलेत?"

"अगं, समजून घे. मी 'हो' थोडंच म्हणतोय? गप्प बसतोय. मित्रासाठी गप्प बसला म्हणून लोक उलट कौतुक करतील, आणि पक्षही शेवटपर्यंत पाठीशी राहील. ऑरिनने बोंब मारेपर्यंत बाईंचा शपथविधी उरकलेला असेल. औषधांची गुंगी, म्हणायचं." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "मला आत तुझा चेहरा हसरा हवा."

"माझ्याकडे दोन प्रती आहेत, साहेब."

थोपटणारा हात थांबला.

"एकाच प्रतीवर राहू नये, हे तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "जोडीचं नाव काढलंत, तर एक विरोधी बाजूच्या नेत्यांना देईन आणि दुसरी वर बसलेल्या पत्रकारांना."

"बावीस वर्षं, मार्लिस!"

"तेच म्हणतेय मी."

कारकुनाने नाव पुकारलं, "मिस्टर स्ट्रॉब." ते उठले. मागच्या बाकावर मार्लिस मांडीवर पर्स घेऊन बसली होती, एक हात पर्समध्ये. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

सज्जात टाळ्या वाजल्या, पीठासीन उपाध्यक्षांनी हातोडा आपटला. बाहेर कॅमेऱ्यांसमोर स्ट्रॉब छाती पुढे काढून उभे होते. "आमच्याकडे शब्द म्हणजे शब्द!" त्या एका वाक्यावर ते निवडून येणार, हे मार्लिसला तिथेच कळलं.

ती टेबलाचा खण रिकामा करत असताना वडिलांचा फोन आला. मागे सोसायटीतला कल्ला ऐकू येत होता.

"पोरी, तुझ्या साहेबांनी मान राखला हो आपला! असा माणूस मिळायला नशीब लागतं."

"हो, बाबा," मार्लिस म्हणाली आणि कार्यालयाची किल्ली डोनटच्या रिकाम्या खोक्यात ठेवली.