खोट्या उत्तरांची रीतसर सूचना

काटेसाहेबांचं खरं नाव वेगळंच होतं, पण चौतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरलेल्या सरकारी माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ते दिसले की कोपऱ्यावरचा फळवाला उगाचच आपला काटा पुसून घ्यायचा. हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. लांबच्यांना हा गुण वाटायचा, जवळच्यांना जाच. मेहुणीच्या लग्नात कुणीतरी "नवरामुलगा कसा वाटतो?" असं सहज विचारलं आणि यांनी सांगितलं. ती मेहुणी नऊ वर्षं घराची पायरी चढली नाही, आणि चढली तेव्हा "तुमचंच खरं होतं" एवढं सांगायला.

अशा माणसाला त्यांच्या सुनेनं खोटं बोलायला सांगितलं, आणि तेही लेखी.

सून एका मोठ्या कचेरीत दुसऱ्यांचे अडलेले कॉम्प्युटर सोडवायचं काम करायची. एका रविवारी तिनं सासऱ्यांचा कॉम्प्युटर उघडला आणि कपाळाला हात लावला. स्क्रीनच्या खाली चिकटपट्टीनं एक कागद लावलेला होता. त्यावर 'पासवर्ड' असं शीर्षक होतं, खाली दुहेरी रेघ होती आणि त्याखाली पासवर्ड.

"बाबा, हे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली दारालाच टांगण्यासारखं आहे," ती म्हणाली. मग तिनं धडे दिले. पासवर्ड लांब हवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला. एकच पासवर्ड दहा ठिकाणी नको. फोनवर आलेला आकडा कुणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. काटेसाहेबांनी सगळं ऐकलं. फोन नंबर तेवढा कॉम्प्युटरवरच्या खात्याला जोडू दिला नाही; तो त्यांच्या मते खासगी मामला होता.

मग आले ओळख पटवायचे प्रश्न. लहानपणी पाळलेला प्राणी? आवडते शिक्षक? सर्वांत जवळचा मित्र?

"इथे खरं उत्तर द्यायचं नाही," सून म्हणाली. "तुमच्या कुत्र्याचं नाव अख्ख्या गल्लीला पाठ आहे. खरं उत्तर कुणीही शोधून काढतं. काहीतरी खोटं लिहा आणि लक्षात ठेवा."

"म्हणजे खात्याच्या कंपनीशी खोटं बोलायचं?"

"कंपनीला काही फरक पडत नाही, बाबा."

"मला पडतो."

तरी ते तयार झाले, ते अक्कासाठी. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईच्या मागे तिनंच त्यांना वाढवलं होतं. ती गेल्या वर्षी गेली. त्याआधी जवळजवळ सहा वर्षं दर रविवारी सकाळी ती त्यांना आपल्या आवाजात निरोप पाठवायची, आणि ते सगळे निरोप याच खात्यात होते. गॅस बंद केलास का, कानाला बांधलंस का, जेवताना वर्तमानपत्र वाचू नकोस. एकूण तीनशे चार निरोप आणि एकातही कौतुकाचा शब्द नाही. काटेसाहेब दर रविवारी त्यातला एक ऐकायचे आणि आठवडाभर पुरवायचे. ते कुणी पळवले असते तर त्यांना दुसऱ्यांदा पोरकं झाल्यासारखं वाटलं असतं.

तर त्यांनी घाम पुसत पुसत तीन खोटी उत्तरं भरली. पण मन खाऊ लागलं. खोटं बोललो ते बोललो, पण ज्यांच्याविषयी बोललो त्यांना अंधारात ठेवायचं? नोकरीत नियमच होता, नोंदीत फेरफार केला की संबंधितांना लेखी कळवायचं. त्यांनी तीन पत्रं लिहिली आणि बायकोकडे टाकायला दिली. तिनं पत्ते नीट वाचले नाहीत की आत काय आहे म्हणून विचारलं नाही. नवऱ्याला प्रश्न विचारणं तिनं त्या मेहुणीच्या लग्नानंतर सोडलं होतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी स्क्रीननं विचारलं, 'हे तुम्हीच आहात का?'

दुसऱ्या कुणीही डोळे झाकून 'हो' दाबलं असतं. काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या खात्याचा मालक कोण? ज्यानं लहानपणी भलताच प्राणी पाळला, ज्याला भलतेच मास्तर आवडले, तो. तो आपण नव्हे. त्यांनी 'नाही' दाबलं.

कंपनीनं लगेच खातं सील केलं. आज संध्याकाळी पाचपर्यंत तिन्ही प्रश्नांची उत्तरं देऊन ओळख पटवा, नाहीतर आतलं सगळं कायमचं पुसलं जाईल, असं लाल अक्षरांत आलं. आणि काटेसाहेबांना एकही उत्तर आठवेना. खरं असेल ते त्यांच्या डोक्यात चाळीस वर्षं जसंच्या तसं राहायचं. खोट्याला तिथे राहायची सवयच नव्हती.

त्यांनी सुनेला फोन लावला. पत्रांसकट सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही उत्तरं पत्रानं कळवलीत?"

"फक्त संबंधितांना."

"मी सुटी टाकून येते. कशालाही हात लावू नका. आणि ती पत्रं शोधा. हात दाखवून अवलक्षण केलंत, पण आता तेवढीच एक वाट उरली आहे."

पत्रं कुणाला गेली हेही धड आठवत नव्हतं. बायको म्हणाली, "एकावर तिकीट नव्हतं, ते वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंच्या पेटीत टाकलं, एवढं मला आठवतंय. जिना चढावा लागला होता."

शिवणवाल्या बाईंनी पत्र जपून ठेवलं होतं. शिलाई मशीन डगमगायचं, त्याच्या पायाखाली. काटेसाहेबांनी ते काढून वाचलं. 'आपली मॅनेजर नावाची मांजर मी बालपणी पाळली होती, असे संगणकीय कारणास्तव नमूद केले आहे. प्रत्यक्षात तसे नाही. मांजरीच्या मालकीवर याचा परिणाम होणार नाही.'

"मी तिला वाचून दाखवलं," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून तुमचा आवाज आला की फिस्कारते."

बाहेर पडताना जिन्यावर काटेसाहेबांना आपणहून आठवलं. मास्तर म्हणजे चित्रकलेचे सर! त्यांचाच तर सगळ्यात जास्त राग यायचा.

सर आता नव्वदीचे होते. एका खोलीत राहायचे, आणि त्या खोलीच्या भिंतीवर काटेसाहेबांचं पत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. 'आपण माझे सर्वांत आवडते शिक्षक असल्याचे मी नमूद केले आहे,' एवढंच दिसत होतं. खालचा अर्धा भाग मागे दुमडला होता.

"खाली काय आहे ते मी वाचलेलं नाही," सर म्हणाले, "आणि या वयात वाचणार नाही."

"मला वाचावं लागेल, सर."

सर खुर्ची वळवून खिडकीबाहेर बघत बसले. काटेसाहेबांनी चौकट उघडली. 'सदर विधान असत्य आहे. आपण मला मुळीच आवडत नव्हता. नाव "ढब्बू सर" असे नोंदवले आहे, कारण सर्व वर्ग आपल्याला तेच म्हणत असे.' त्यांनी कागद होता तसा दुमडला आणि चौकट पुन्हा भिंतीला लावली.

"वरचं तरी बरोबर आहे ना रे?" सरांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

काटेसाहेब दाराकडे सरकले. "नोंदीत तसंच आहे, सर," ते म्हणाले आणि पळाले.

तिसऱ्या पत्राचा मात्र थांगपत्ता लागेना. साडेतीन वाजून गेले. काटेसाहेब घरी येऊन डोकं धरून बसले. अक्काचा आवाज दीड तासात जाणार, आणि तोही आपल्या हातानं, या विचारानं त्यांना रडू यायला लागलं होतं.

"एक सांगा," बायको म्हणाली, "गेले तीन आठवडे तुमच्याशी कोण बोलत नाही?"

काटेसाहेबांनी विचार केला. चौकातला चष्मेवाला. सतरा वर्षं रोज सकाळी दहाला ते त्याच्या दुकानात बसायचे, चहा व्हायचा, वर्तमानपत्रावरून भांडण व्हायचं. तीन आठवड्यांपासून चहा बंद होता. हे दुकानात शिरले की चष्मेवाला फडकं घेऊन कपाटं पुसत सुटायचा. त्याची चहापूड संपली असावी, अशी काटेसाहेबांनी समजूत करून घेतली होती.

"तुम्ही त्याला मित्र नाही असं लेखी कळवलंत?" बायकोनं विचारलं.

"खोटं आहे असं स्पष्ट लिहिलं असणार मी. त्यात वाईट वाटण्यासारखं काय?"

"चला," ती म्हणाली आणि चपला घालू लागली.

चष्मेवाल्यानं पत्र काढलंच नाही. त्याला ते पाठ होतं. "'आपण माझे सर्वांत जवळचे मित्र आहात, असे मी नमूद केले आहे. हे असत्य आहे, याची कृपया नोंद घ्यावी.' घेतली नोंद. अजून काही?"

"नाव काय लिहिलं होतं मी?"

"आधी मला सांग. अक्का दवाखान्यात होती तेव्हा नऊ दिवस तुझ्याबरोबर बाकड्यावर कोण बसलं होतं?"

"तू."

"आणि तरी हे असत्य?"

"मला खोटं उत्तर द्यायचं होतं," काटेसाहेब म्हणाले. "जवळचा मित्र कोण, याचा मी नीट विचार केला. कुणीच नाही असं आलं. मग नाव कुणाचंही चाललं असतं."

दाराशी उभ्या बायकोनं डोळे मिटून घेतले.

"मग माझंच का?"

"पहिलं तेच सुचलं."

"कुणीच नाही म्हणतोस, तर पहिलं माझं कसं सुचलं?"

आयुष्यभर दुसऱ्यांचा काटा तपासताना काटेसाहेब आधी तो रिकामा ठेवून शून्यावर येतो का ते बघायचे. स्वतःच्या बाबतीत तेवढंसुद्धा बघितलेलं नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली की ते स्टुलावर बसले.

"भिंगोजी," चष्मेवाला म्हणाला. "तू मला हाक मारतोस तेच लिहिलं होतंस. ऊठ आता, चार वाजून गेले. अक्कासाठी सांगतोय, तुझ्यासाठी नाही." आणि त्यानं दुकानाचं शटर ओढलं, कारण या माणसाला घरी पोचेपर्यंत तेवढंही आठवेल याचा त्याला भरवसा नव्हता.

सून कॉम्प्युटरपुढे बसलेलीच होती. मॅनेजर, तिनं टाइप केलं. ढब्बू सर. भिंगोजी. पाचला सात मिनिटं असताना खातं उघडलं.

"वाजवून बघ," काटेसाहेब म्हणाले. "आहे का बघ."

"ऐकतोयस का रे?" अक्काचा आवाज आला. "गच्चीचं दार लावलंस का? नाही लावलंस. मला माहीत आहे. जा, लाव आधी." काटेसाहेब सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले आणि मग खरोखरच उठून गच्चीचं दार लावून आले.

"आता तिन्ही उत्तरं बदलायची," सून म्हणाली. "ताबडतोब. शिवणवाल्या बाईंच्या मांजरीलासुद्धा ती माहीत आहेत. आणि बाबा, पत्रं पाठवायची नाहीत. नवीन उत्तरं मी माझ्याकडे कुलपात ठेवीन."

प्राण्याच्या जागी काटेसाहेबांनी उंट लिहिला. उंटाला कळवायचा प्रश्न नव्हता. शिक्षकांच्या जागी एक अजिबात नसलेले मास्तर तयार केले. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र ते थांबले. चष्मेवाला मागे उभा राहून चहा पीत होता, तोंड अजून वाकडंच.

"हे राहू दे का?" सुनेनं विचारलं. "भिंगोजी काय वाईट आहे? निदान लक्षात तरी राहील."

"नाही," काटेसाहेब म्हणाले. "ते काढ. ते आता चालणार नाही."

"का?"

"तूच म्हणालीस ना, खरं उत्तर द्यायचं नाही."