कोणाच्या नावावर

नूलाने हॉस्पिटलच्या फॉर्मवर नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्ता लिहिला आणि तीन चौकटींपाशी येऊन पेन थांबवलं. पब्लिक, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट. इमारत एकच, आत यायचं दार एकच, सुइणीही त्याच. कुठल्या चौकटीत खूण केली त्यावर पुढचे सहा महिने आपल्याला कोण तपासणार आणि बाळंतपणानंतर खोलीत आणखी किती जणी असणार, एवढंच ठरायचं. शेजारी मॅलकी कोपरं गुडघ्यांवर टेकून फरशीकडे बघत बसला होता. सकाळपासून टँकर घेऊन सतरा शेतांवरचं दूध गोळा करून तो तसाच आला होता, आणि त्याच्या जाकिटाला दुधाचा आंबूस वास येत होता.

“प्रायव्हेटवर कर ना खूण,” तो म्हणाला. “त्यात काय एवढा विचार?”

“करते.”

“पंधरा मिनिटं झाली, करते म्हणतेयस.”

“पेन नीट चालत नाहीये.”

त्याने खिशातून स्वतःचं पेन काढून दिलं. ते तिने घेतलं आणि तेही हातातच धरून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी असाच फॉर्म होता. तेव्हा मॅलकीनेच म्हटलं होतं, डॉक्टर तेच, खाटा त्याच, मग कशाला उगाच पैसे ओतायचे? तेवढ्या पैशांत घराला नव्या खिडक्या बसवून होतील. बोलणं शहाणपणाचं होतं. नूलालाही पटलं होतं आणि पब्लिकवर खूण तिने स्वतःच्या हाताने केली होती. दर खेपेला नवा डॉक्टर भेटायचा. कोवळ्या चेहऱ्याचे, झोप न झालेले, सहा महिन्यांनी बदलून जाणारे. तिच्यासमोरच फाईल उघडून ते ती कोण आहे हे वाचून काढायचे. वागायला मात्र सगळे चांगले होते. अडतिसाव्या आठवड्यात डोनल पोटातच गेला.

कोणाची काही चूक नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. हॉस्पिटलने सांगितलं, फादरनी सांगितलं, सासूबाईंनी तर पाचसहादा सांगितलं. मॅलकी मान हलवायचा. पण त्या दिवसापासून त्याचं अन्न तुटलं. पानात वाढलेलं इकडचं तिकडे करायचा आणि उठायचा. सकाळी बूट घालायला बसला की नाड्या हातात धरून बराच वेळ तसाच राहायचा. पैसे भरले असते तर, हा प्रश्न घरात मुक्कामाला आला होता आणि दोघांनीही तो एकदाही तोंडाने विचारला नव्हता. आता प्रायव्हेटच्या चौकटीत खूण करायची म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं. वर हे मूल धडधाकट जन्मलं, तर मग काही बोलायलाच नको. खिडक्यांपायी पोर गेलं, हे मॅलकीला जन्मभर पुरणार होतं. आणि पब्लिकवर खूण करायचं धाडस तिच्यात उरलं नव्हतं. ती दमली होती. अजून पोटही दिसायला लागलं नव्हतं, तरी ती आत्ताच दमली होती.

“काय गं पोरी, कादंबरी लिहितेयस का?” काउंटरवरून ब्रीडाने हाक मारली. ब्रीडा साठीला आलेली, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज असा की रांगेतल्या शेवटच्या बाईलाही आपली पाळी आल्यासारखं वाटावं. “तीन चौकटी आहेत. देवाने दहा आज्ञा दिल्या, तेव्हाही लोकांनी इतका वेळ घेतला नसेल.”

रांगेतल्या दोघी हसल्या. नूला उठून काउंटरपाशी गेली. ब्रीडाने चष्मा डोळ्यांवर चढवला, फॉर्मवरचं आडनाव वाचलं आणि हसू आवरलं.

“हॅनली,” ती हळू आवाजात म्हणाली. तिला असाही आवाज होता तर. “तू होय. थांब जरा.”

तिने फोन उचलला, कोणाशी तरी बोलली आणि ठेवला.

“दुसऱ्या मजल्यावर जा. मोठे डॉक्टर, मिस्टर लेनिहन, आहेत वर. त्यांची सेक्रेटरी माझी मावसबहीण, तिने दहा मिनिटं काढलीयत. आधी बोल, मग कुठे खूण करायची ती कर. तुझी जुनी फाईल पाठवते मागोमाग.”

“लेनिहन चांगले आहेत ना?” मॅलकीने मागून विचारलं.

“अर्ध्या परगण्यातल्या शेतकऱ्यांच्या बायका त्यांच्याकडे जातात,” ब्रीडा म्हणाली. “आणि ते लोक गाईलासुद्धा भलत्याच डॉक्टरला हात लावू देत नाहीत.”

दुसऱ्या मजल्यावर जमिनीला गालिचा होता. पाय वाजेनासे झाले तसं मॅलकीने उगाचच जाकीट झटकलं. सेक्रेटरी हसरी होती. तिने विम्याचं कार्ड मागितलं. मॅलकीने सगळे खिसे चाचपले आणि कपाळावर हात मारला. कार्ड गाडीत होतं आणि गाडी पार्किंगच्या पार वरच्या मजल्यावर.

“तू हो आत, मी आलोच,” असं म्हणून तो जिन्याने पळाला.

मिस्टर लेनिहन उंच, पांढऱ्या केसांचे, गार हातांचे गृहस्थ निघाले. त्यांनी उठून नूलाला खुर्ची दिली. मागोमाग एक पोर्टर फाईल ठेवून गेला. फाईल जाड होती. एका न जगलेल्या पोराची एवढी मोठी फाईल, नूलाच्या मनात आलं, आणि तिने खिडकीबाहेर बघितलं.

“वाईट वाटलं, मिसेस हॅनली,” ते म्हणाले. “मी वाचतो हं जरा. तुम्हाला सगळं पुन्हा सांगायला लावत नाही.”

दोन वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं.

ते पानं उलटू लागले. मग फाईल मिटून त्यांनी तिच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली पट्टी पाहिली आणि भुवया उंचावल्या.

“अरे, तुम्ही तर माझ्याकडेच होतात की.”

“नाही, आम्ही पब्लिकमध्ये होतो.”

“हो, पण पब्लिकच्या बाईलाही कुणा ना कुणा मोठ्या डॉक्टरच्या नावावर घालतात. तुम्ही माझ्या नावावर होतात. हे बघा.”

तिने बघितलं. पट्टीवर तिचं नाव, नंबर, आणि खाली बारीक अक्षरांत लेनिहन. हीच पट्टी दोन वर्षांपूर्वी तिच्या मनगटावरही असणार. तिने ती वाचलीच नव्हती.

“आपली भेट कधी झाली नाही,” ती म्हणाली.

“नाही,” ते म्हणाले. “पब्लिकचा दवाखाना माझी टीम बघते. काही अडलं तर मला बोलवतात.”

त्यांनी पुन्हा फाईल उघडली. चौतिसावा आठवडा, पस्तिसावा. छत्तिसाव्यावर त्यांचं बोट थांबलं. त्या पानावर कोणीतरी, बाळ किती वाढलंय ते बघायला टेपने मोजलेली पोटाची उंची लिहिली होती आणि पुढे एक प्रश्नचिन्ह होतं.

“इथे माप कमी भरलंय. नंतर सोनोग्राफी झाली का?”

“नाही. पुढच्या खेपेला बघू म्हणाले. पुढच्या खेपेला दुसरे डॉक्टर होते.”

“बरं.” ते पान उलटून म्हणाले, “या वेळी तसं होणार नाही. इथे वर माझ्याकडे येणाऱ्या बायकांची मी दर खेपेला स्वतः सोनोग्राफी करतो. बाळ वाढत नसेल तर तिथेच कळतं आणि मी वेळेआधी...”

आपण काय बोलतोय ते त्यांच्या कानांवर पडलं असावं. कानांच्या पाळ्यांपासून लाली चढत त्यांच्या कपाळापर्यंत गेली. त्यांनी पेन उचललं, ठेवलं. नूला त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, निदान तेव्हा तरी नाही.

“मिसेस हॅनली,” ते म्हणाले, “तुम्हाला हवं असेल तर या फाईलची नीट चौकशी मागता येईल. मी स्वतः...”

दार वाजलं आणि मॅलकी आत आला. धापा टाकत, हातात कार्ड, कपाळावर घाम.

“माफ करा. चार मजले. लिफ्ट बंद.” खुर्चीवर बसता बसता त्याची नजर टेबलावरच्या फाईलकडे गेली. वेगवेगळ्या गोठ्यांच्या टाक्यांवरची लेबलं वाचण्यात त्याची हयात गेली होती. बारीक अक्षरं त्याच्या नजरेतून सुटत नसत. तो पुढे वाकला. उघड्या पानावरही तीच पट्टी होती.

“हे तुमचं नाव आहे,” तो म्हणाला. “ही जुनी फाईल ना? डोनलची?”

डोनलचं नाव त्याने घराबाहेर कधी घेतलं नव्हतं.

“हो,” मिस्टर लेनिहन म्हणाले. “तुमच्या मिसेस तेव्हा माझ्या नावावर होत्या. कागदोपत्री.”

“म्हणजे तुम्हीच होतात? तेव्हाही?”

“कागदोपत्री,” ते पुन्हा म्हणाले, पण मॅलकीने ते ऐकलं नाही. तो नूलाकडे वळला होता. त्याचा चेहरा तिने कितीतरी दिवसांनी असा समोरून पाहिला. डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले.

“नूला, हेच होते गं. पैसे भरले असते तरी हेच असते.” मग त्याने डॉक्टरांकडे पाहिलं आणि दोन वर्षं गिळलेला प्रश्न शेवटी तोंडातून बाहेर पडला. “साहेब, खरं सांगा. आम्ही प्रायव्हेटला आलो असतो तर काही फरक पडला असता का?”

मिस्टर लेनिहननी तोंड उघडलं. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता, एवढं एव्हाना नूलाला कळलं होतं. ते खरं सांगणार होते, आणि नीट, समजावून, जबाबदारी घेऊन सांगणार होते.

“नाही,” नूला म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“मी आत्ताच विचारलं यांना, तू खाली होतास तेव्हा. काही फरक पडला नसता. जे झालं तेच झालं असतं.” ती डॉक्टरांकडे वळली. “हेच म्हणालात ना तुम्ही?”

मिस्टर लेनिहन तिच्याकडे बघत राहिले. बाहेर सेक्रेटरी फोनवर कोणाला तरी अपॉइंटमेंटचा वार सांगत होती. मग त्यांनी फाईल मिटली आणि पुठ्ठ्यावर हात ठेवला.

“हो,” ते म्हणाले.

मॅलकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. त्या एवढ्या मोठ्या माणसाला त्या नाजूक खुर्चीत रडताना बघून नूलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आता जे होतं ते तिच्या एकटीचं होतं. जड होतं, पण मॅलकीला पेललं नसतं आणि आपल्याला पेलेल, असं तिला वाटलं. निदान हे मूल होईपर्यंत तरी.

थोड्या वेळाने त्याने बाहीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि ओशाळून हसला.

“सोनोग्राफी दर खेपेला करणार ना?” नूलाने डॉक्टरांना विचारलं.

“दर खेपेला,” ते म्हणाले. त्यांची नजर टेबलावर होती. “आजच करूया पहिली.”

“बघ,” मॅलकी तिला म्हणाला, “किती काळजी घेतात.”

“हो ना,” नूला म्हणाली, आणि तपासणीच्या टेबलावर चढायला तिने त्याचा हात मागितला.