उणे चाळीसचं पाणी

आधी इंजिन गार होऊ द्यावं.

"गार?" कडुबानं बॉनेटवर हात टेकवला आणि झटकन मागं घेतला. "दादा, सकाळच्या पारीच पत्रा तव्यावानी तापलाय. गार कुठून आणू?"

हिमांशू हसला. त्याच्या हातात हीटरसोबत आलेला इंग्रजी कागद होता आणि त्यातली एकेक ओळ तो मराठी करून सांगत होता. ज्यांची स्कूटर कडुबाच्याच हाताखाली म्हातारी झाली, त्या लक्ष्मणराव कुलकर्ण्यांचा हा मुलगा. त्याला आता लेहला नोकरी लागली होती. तिथल्या हिवाळ्यात रात्री उभी केलेली गाडी सकाळी दगड होते म्हणे. म्हणून बहिणीनं, स्वरदानं, कॅनडाहून हा हीटर पाठवला होता. कंपनीच्या वर्कशॉपनं असलं काम आमच्याकडं येत नाही म्हणून हात वर केले, तेव्हा गाडी मुकुंदवाडीत कडुबाच्या गॅरेजात आली.

"म्हणजे इंजिनाच्या पोटात शेगडी."

"शेगडीच समजा मामा. रात्री वायर विजेला लावून ठेवायची. आतलं पाणी कोमट राहतं, सकाळी गाडी चालू होते."

शेजारचा पंक्चरवाला सत्तारभाई टायर पाण्यात बुडवायचा थांबला. "यहाँ आदमी उबल रै, अन् तुमे गाडी कू हीटर लगारै," तो म्हणाला. "अल्ला, क्या दिन आए."

मग आतलं पाणी काढावं.

रेडिएटरची तोटी सैल केली आणि कडुबा जरा दचकला. त्याच्याकडं येणाऱ्या गाड्यांच्या पोटातून साधं पाणीच निघायचं, बोअरचं नाहीतर टँकरचं, फार तर गंजानं लाल झालेलं. हे पोपटी होतं. पोपटी आणि नितळ.

"कूलंट आहे," हिमांशू म्हणाला. "कंपनीतूनच भरून घेतलंय, लेहच्या हिशोबानं. उणे चाळीसलाही गोठत नाही. सांडू नका हं, हेच परत भरायचंय."

कडुबानं निळा टब पुसून घेतला, ते पाणी फडक्यातून गाळलं आणि टब नेहमीप्रमाणे भिंतीच्या सावलीला सरकवला. हिमांशू उद्या येतो म्हणून गेला.

नेहमीप्रमाणे. सगळं या एका शब्दात होतं.

पुढं रस्त्याला गॅरेज, मागं दोन खोल्या आणि त्यांच्या मागं पत्र्याखाली एक गाय. नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी यायचं. गाडीतून काढलेलं पाणी कडुबा टबात धरायचा आणि टब भिंतीशी ठेवायचा. मनकर्णाबाई येऊन तो उचलून न्यायची. लाल पाणी लिंबाच्या झाडाला, नितळ असलं तर गाईला. कितीतरी उन्हाळे हे असंच चाललं होतं आणि त्यात बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. टब भिंतीशी म्हणजे मनकर्णाबाईचा. नवरा-बायकोतल्या पुष्कळ गोष्टी आता अशाच, न बोलता, भिंतीशी ठेवल्या आणि उचलल्या जात होत्या.

गाय शेंद्र्याची, त्यांच्या गावची. तिथली जमीन एमआयडीसीत गेली, बैल बाजारात गेले, भाऊ आपापल्या वाटेनं गेले. कडुबाकडं निदान पाना होता. मनकर्णाबाईनं मात्र ही तांबडी कुणाला दिली नाही. दावं हाताला गुंडाळून ती टेम्पोत गाईशेजारी बसून शहरात आली होती. आता तांबडी गाभण होती, आखाडात विणार होती. तोवर तिला जगवायचं, एवढं एकच काम मनकर्णाबाईनं त्या वर्षी हाती घेतलं होतं. स्वतःची अंघोळ तिनं तांब्यावर आणली होती.

"छावणीत घालू तिला," कडुबानं होळीनंतर सुचवून पाहिलं होतं. "चारा बी भेटंल, पाणी बी."

"तुमीच जावा छावणीत," ती म्हणाली होती. "तुमच्याबिगर माझं भागंल."

विषय तिथंच संपला होता.

मग बूच ठोकून काढावं.

इंजिनाच्या ठोकळ्याच्या अंगाला पत्र्याच्या वाट्यांसारखी बुचं बसवलेली असतात. त्यातलं एक काढायचं आणि त्या भोकात हीटर बसवायचा, तार आत पाण्याकडं, वायर बाहेर. कडुबानं छिन्नी कडेला टेकवून हलकी हातोडी मारली. बूच तिरकं झालं. पकडीत धरून ओढलं तसा आतून उरलेला घोटभर पोपटी रस त्याच्या मनगटावर ओघळला. त्यानं तो पँटला पुसला. भोकाची कड पॉलिशपेपरनं घासली, रबरी कडं तेलाच्या बोटानं ओलं केलं आणि हीटर आत दाबून स्क्रू आवळत नेला. वायर सायलेन्सरला लागू नये म्हणून लांबून फिरवली, जाळीतून पुढं काढली आणि क्लिपा मारल्या.

काम चांगलं झालं होतं. ते त्याला कळत होतं आणि बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं. क्लच आणि ब्रेक सोडून नवं काही हातात आलं होतं. सत्तारभाईला तो म्हणाला, "आपली गाडी आता बर्फात पळनार."

"गाडी पळेगी," सत्तारभाई म्हणाला. "आपन हितंच."

आत पाणी असल्याशिवाय वीज लावू नये.

हे हिमांशूनं दोनदा सांगितलं होतं. कोरडा हीटर लावला तर तार जळते. म्हणून कडुबा टब आणायला भिंतीकडं गेला.

टब पालथा घालून वाळत ठेवला होता.

"मनकर्णे." त्यानं आत हाक मारली. "टबातलं पाणी?"

"पाजलं की तिला." ती चुलीपुढून बोलली. "लई दिसांनी निर्मळ पाणी निघालं तुमच्या गाडीतून. वाईच हिरवं व्हतं, मला वाटलं शेवाळाचं."

"सगळं?"

"सगळं. वरून टब चाटला तिनं. गोड लागलं आसंल." ती बाहेर आली. त्याच्या तोंडाकडं बघून पदराला हात पुसायचे थांबली. "काऊन? काय झालं?"

कडुबानं फोन लावला. "दादा, ते हिरवं पाणी जनावरानं पिलं तर काय व्हतं?"

"किती?" हिमांशूनं विचारलं.

"सगळंच."

मग हिमांशू म्हणाला, "विष असतं मामा ते. चव गोड असते, म्हणून कुत्री-मांजरंसुद्धा तोंड घालतात. डब्यावर लिहिलेलं असतं ठळक."

"डबा कंपनीत ऱ्हायला, दादा. माझ्याकडं नुसतं पाणी आलं."

गळती आहे का पाहावं.

दुपारी तांबडी झोकांड्या खाऊ लागली. मागचे पाय एकात एक अडकायचे. गल्लीतली माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, कडुबाची गाय दारू टाकून आली वाटतं. तीन-चारजण हसले. मनकर्णाबाई त्यांच्याकडं पाठ करून गाईच्या मानेला खांदा लावून उभी होती, म्हणजे ती पडणार नाही. शेजारच्या दगडाबाईनं ताक आणून दिलं. तिच्याही घरी ते एवढंच होतं. तांबडीनं ते गिळलं नाही, दोन्ही बाजूंनी सांडलं.

कडुबानं लगेच फोन करून बोलावलेले जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले तेव्हा गाय बसली होती. त्यांनी पापणी उलटी करून पाहिली, सलाईन लावलं आणि कडुबाला बाजूला घेतलं. "पिल्यापिल्या कळलं असतं तर शिरेतून दारू दिली असती. याला उतारा तोच. आता उशीर झाला, मूत्रपिंडं वाचणार नाहीत."

"अन् पोटातलं?"

डॉक्टरांनी मान हलवली.

मनकर्णाबाईला सांगावं लागलं नाही. ती लांब होती, तरी तिनं मान हललेली पाहिली होती.

"मला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. ओरडून नाही. चहात साखर कमी पडली असं सांगावं तसं.

कडुबाला सांगता आलं असतं, की मला वाटलं तू विचारशील. किंवा, तू कधी विचारतेस? किंवा, टब मी दुसऱ्या भिंतीला ठेवायला हवा होता. तो गाईचे पाय चोळत बसला.

गाडी चालू करून पाहावी.

दुसऱ्या दिवशी हिमांशू नवे दोन डबे घेऊन आला. तांबडी पहाटे गेली होती आणि महापालिकेच्या गाडीनं तिला नेलंही होतं. कडुबानं कूलंट भरलं, हवा काढली, विजेरी घेऊन खाली वाकून बुचाची कड तपासली. एक थेंब नव्हता. वायर गॅरेजच्या बोर्डाला लावली. पन्नाशीतला माणूस तापलेल्या रस्त्याकडेला इंजिन गरम व्हायची वाट बघत उभा राहिला.

"झालं कोमट," थोड्या वेळानं ठोकळ्याला हात लावून तो म्हणाला. "हीटरनं का उन्हानं, ते तुमच्या बर्फातच कळंल."

हिमांशू हसला नाही. "मामा, मी सांगायला हवं होतं का? मला काय कल्पना, की इथं गाडीतलं पाणी जनावरांना…"

"तुमाला कुठून असंल," कडुबा म्हणाला. "तुमच्या घरी पाणी फेकत्यात."

हे तो तोडून बोलला नव्हता. तरी हिमांशूचा चेहरा उतरला. मागच्या दारातून मनकर्णाबाई आली, तिनं कूलंटचे रिकामे डबे उचलले, त्यांवरची चित्रं नीट पाहिली आणि खिळा घेऊन दोन्हींच्या बुडाला भोकं पाडली. मग ते भंगारात टाकले.

"म्हंजे कुणी पाणी भरायचं नाय," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

गाडी गेली.

पुढच्या शुक्रवारी नळाला पाणी आलं. बायकांची रांग नेहमीसारखी भांडत होती. मनकर्णाबाईनं दोन हंडे भरले, टाकी भरली, कळशी भरली. दर खेपेला ती नंतर गाईचे म्हणून आणखी दोन ड्रम लावायची आणि मागच्या बायका त्यावरून तिला बोलायच्या. आजही आवडाबाईनं सुरुवात केलीच होती.

"तुझी गंगा कवा आटंल, मनकर्णा? आमी काय उद्या भरायचं?"

मनकर्णाबाईनं नळाखालची कळशी उचलली. पाण्याची धार मोकळीच सिमेंटवर पडू लागली. ती ओट्यावरून खाली उतरली आणि आवडाबाईला वाट दिली.

"लाव तुजी घागर," ती म्हणाली. "माझं झालं."