माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स

चूक वाल्मिकची. आमच्या भुताच्या सिनेमाचा दिग्दर्शक, कॅमेरामन आणि मालकही तोच. स्टुडिओ म्हणजे त्याची कांद्याची चाळ. कांदा बाजारात गेला की आमचं शूटिंग सुरू. हिरो मेल्याच्या सीनसाठी त्यानं शेवगावात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स सांगितला. वर माझा हसरा फोटो, खाली नाव अंगद. हिरोचं नावही माझंच ठेवलेलं, कारण डायलॉग म्हणताना आम्ही नावं विसरतो. फ्लेक्स शूटिंगसाठी आहे, एवढं सांगायचं हा गडी विसरला. आमच्याकडं असला फ्लेक्स सांगितला की छापणारे तो चौकात टांगूनच मोकळे होतात.

मी पांढरी पावडर फासून भूत होऊन उभा होतो, तेवढ्यात देवळालीहून बहिणीचा फोन आला.

“दादा, शेवगावच्या चौकात तुझा कसला फोटो लागलाय? लोकांचे फोनावर फोन येत्यात. आन् आई शेवगावलाच मावशीकडं बारशाला निघालीय, गाडी पोचतच आसंल. तिच्याजवळ मोबाईल न्हाई!”

साखर कारखान्यातली नोकरी सोडून मी या सिनेमांच्या नादी लागलो, तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नव्हती. दोन वर्षं. सणाला गेलो की ताट वाढायची, शब्द नाही. तिनं तो फ्लेक्स बघितला तर?

“क्लोजअप तेवढा देऊन जा,” वाल्मिक म्हणाला. त्याला शिवी हासडली नि मोटारसायकलला किक मारली. रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी, पुढं मेंढरं. हॉर्न बडवत, वाल्मिकच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चौकात पोचलो.

उशीर झाला होता. आई फ्लेक्सखाली मातीत बसली होती, बारशाची पिशवी मांडीवर. भोवतीच्या बाया मला बघून किंचाळत पळाल्या. तेव्हा कळलं, तोंड पुसायचं राहिलंय.

आई हलली नाही. तिनं माझा हात धरला.

“आलास व्हय, बाबा? जेवला हुतास का न्हाई?” तिचा आवाज फाटला. “लई बोलायचं हुतं तुज्याशी. रोज म्हनायचे, उद्या बोलंन.”

खरं सांगतो, वाटलं मेलेलंच राहावं. जिवंत म्हटलं की ही पुन्हा गप्प होणार.

“आये, मी जिता हाय. शूटिंग हाय ह्ये.”

तिनं माझा गाल चिमटून बघितला. मग फाडकन कानाखाली वाजवली. आणखी एक. पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलं, पिशवी उचलली.

“मी मेलेल्याशी बोलत हुते,” ती म्हणाली.

पुढं ती एक शब्द बोलली नाही. माझं मनगट मात्र मावशीच्या दारापर्यंत सोडलं नाही.