साबणाचा वास

आमच्या यमुताई हात धुतले का म्हणून विचारत नव्हत्या, हुंगत होत्या. नंदनवनातल्या वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाई त्या. रोज सकाळी आम्ही आया रांगेत उभ्या राहायचो अन् त्या एकेकीच्या तळव्याले नाक लावायच्या. साबणाचा वास आला का पास. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट, पण मले आजही त्या रांगेचं भेव वाटते.

आणखी एक नियम होता. हाताले जखम दिसली का त्या बाईले कायमचं घरी. सोड्यात चादरी धुऊ धुऊ माह्या बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्या होत्या. पाणी लागलं का रक्त यायचं. नवरा अंथरुणाले खिळलेला, मी घरी बसली तर खायचं काय? म्हणून मी साबणाची वडी कोरड्या तळव्यावरच घासायची अन् बोटं चिकटवून हात पुढं करायची. रोज पास!

प्रेमिला नवी होती. बह्याड पोरगी नळाखाली कोपरापर्यंत हात घासायची, अन् भरपूर पाण्यानं धुवायची. वास राहीन कुठून?

मंग आश्रमातल्या बापूजीले जुलाब सुरू झाले. ऐंशी वर्षांचा माणूस. चमचा हिरड्यांले टोचते म्हणून मीच त्यांले हातानं भरवायची. तीन दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले. यमुताई खवळल्या, सगळ्यांले रांगेत उभं केलं.

"हिच्या हाताला कधीच वास नसतो," त्यांनी प्रेमिलाकडं बोट केलं. "तू आत्ताच्या आत्ता निघ."

"मी रोज धुतो जी बाई! कांताबाईले विचारा न, त्या रोज पाहातेत."

सगळ्या माह्याकडं पाहून राहिल्या. खरं सांगितलं तर वासावरचा भरवसा जाईन अन् मंग माही बोटंही फाकवून पाहतीन.

"मले काय माहीत वं," मी म्हटलं. मले माहीच लाज वाटली.

प्रेमिलानं पिशवी उचलली. जाता जाता म्हणे, "मावशी, काहून वं खोटं बोलली?"

मले वाटलं, सुटली बापा. कायचं सुटणं! यमुताईंनी माहा तळवा हुंगला अन् मनगट धरून सगळ्यांले दाखवला. "याला म्हणतात स्वच्छ हात. आजपासून बापूजींना दुसऱ्या कोणी भरवायचं नाही. फक्त कांताबाई."

अन् पेजेची वाटी त्यांनीच माह्या हाती दिली. नळ चार पावलांवर होता. नळापाशी यमुताई उभ्या होत्या, माह्याकडंच पाहत. मी खाटेवर टेकली.

"तू आली?" बापूजी हसले. "आता मी बरा होईन." अन् त्यांनी तोंड उघडलं.