बावन्न म्हणजे बावन्नच

मी ऑपरेशन थिएटरातला मॉनिटर बोलतोय. हळू बोलायची मला सवय नाही, आणि ती मी लावूनही घेणार नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट नाकाच्या ऑपरेशनांच्या खोलीत. पेशंटच्या दंडाला माझा पट्टा, बोटाला चिमटा. नाकात दुर्बीण घातल्यावर रक्ताचा थेंबही आला तरी सर्जनला पुढचं दिसत नाही. म्हणून औषध देऊन रक्तदाब मुद्दाम खाली आणतात. पण वरच्या-खालच्या दाबाची सरासरी साठाच्या खाली गेली, तर मेंदूला रक्त कमी पडायची भीती. त्यावर नजर ठेवायला मी.

आमच्या भूलतज्ज्ञ बाई दाब उतरवणाऱ्या दोन औषधांची तुलना करत होत्या, एक जुनं, एक नवं. कुणाला कुठलं, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. सर्जनसाहेबांचा नव्यावर भारी जीव. "काय लख्ख दिसतंय!" म्हणायचे.

त्या दिवशी टेबलावर एक शिंपी होता. नाकात मांस वाढल्यामुळे वर्षभर त्याला कसलाच वास येत नव्हता. चिठ्ठी नव्या औषधाची निघाली. अर्ध्या तासाने माझ्या पडद्यावर आकडा आला, बावन्न. मी कोकललो.

"त्याचं तोंड बंद करा हो," साहेब म्हणाले. "पट्टा सरकला असेल. पाच मिनिटांत संपवतो."

सिस्टरने बटण दाबलं. आवाज गेला, पण आकडा मी लाल करून लुकलुकवत ठेवला. बाईंनी पट्टा चाचपला. शिंप्याची नाडी पाहिली, तर ती दोऱ्यासारखी बारीक.

"साहेब, हात थांबवा. औषध बंद करतेय."

"आणि रक्त आलं तर?"

"येऊ दे. बोळे भरा आणि थांबा."

साहेब धुसफुसत उभे राहिले. बाईंनी दाब चढवायचं इंजेक्शन दिलं. छप्पन्न. एकोणसाठ. चौसष्ट. मगच काम पुढे सरकलं. शिंपी शुद्धीवर आला आणि आधी चष्मा मागू लागला, तेव्हा बाई पहिल्यांदा स्टुलावर टेकल्या.

चहाच्या वेळी साहेब म्हणाले, "हा पेशंट तुलनेच्या तक्त्यातून वगळा. यंत्र बिघडलं होतं म्हणा."

मला तळपाय असते, तर त्यांची आग मस्तकात गेली असती!

"मग यंत्र तपासूनच घेऊ," बाई म्हणाल्या. तंत्रज्ञ आला. बाईंनी स्वतःचाच दंड पुढे केला. माझा पट्टा आणि दुसऱ्या यंत्राचा, दोन्हींचा आकडा सारखा.

"यंत्र ठणठणीत आहे," तंत्रज्ञ हसला. "बाई, तुमचाच दाब जरा चढलाय."

"चढणारच. साहेब, मी बावन्न लिहिणार. हा तक्ता पुढच्या पेशंटसाठी आहे, औषधाच्या कौतुकासाठी नाही."

साहेब तीन आठवडे बाईंशी बोलले नाहीत. मग एकदा दुर्बिणीतून डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "बाई, आकडा किती?" तेव्हापासून रोज विचारतात.

आता थिएटरात नवा मॉनिटर आलाय. मला शुद्धीवर येणाऱ्यांच्या खोलीत ठेवलंय. पडद्यावर ओरखडे आहेत, एक बटण मेलंय, आणि 'फार ओरडतो' अशी तक्रारही गेलीय. जाऊ दे. मी ओरडलो, तर बटणाकडे धावू नका, आधी माणसाकडे बघा. तुमच्या सोयीचा आकडा माझ्याकडे मागू नका. मिळणार नाही.